तालात न बसणारं नाव

घरात बसून हस्ते गाइनेला उभ्या आयुष्यात एक ओळ सुचली नाही. त्याची बायको फूलमाया म्हणायची, "घरात तुम्हाला फक्त भूक सुचते." यात खोटं काही नव्हतं. गाणं त्याला चढावर सुचायचं. चढाला दम लागतो, म्हणून ओळ आपसूक आखूड पडते. उताराला पाय पळतात, तिथे चाल जुळते. मग पिंपळाखालच्या एखाद्या दगडी कट्ट्यावर बूड टेकायचं, सारंगी मांडीवर उभी धरायची आणि जुळलं तेवढं वाजवून बघायचं. त्याच्या बापाची हीच रीत होती, आजाचीही हीच. लमजुंगच्या डोंगरात कुणी दरीत पडलं, कुणी कुणाबरोबर पळालं, कुणाचा मुलगा पलटणीतून परतलाच नाही, की गाइने त्या गावात जायचा, चार लोकांना विचारायचा आणि पुढच्या गावात ते गाण्यातून पोचवायचा. लोक झोळीत पसाभर तांदूळ घालायचे, नाहीतर मका.

आता हस्तेला त्रेसष्टावं लागलं होतं, आणि सहा वर्षांत त्याला नवं गाणं मिळालं नव्हतं. डोंगर फोडून रस्ता आला, रस्त्यावर जीप आल्या, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. हस्ते धापा टाकत गावात पोचायचा, तर बातमी त्याच्या आधी तिथे येऊन शिळी झालेली. "हे तर आम्ही परवाच बघितलं, दाजू. व्हिडिओसकट!" असं म्हणून पोरीबाळी हसायच्या. मध्ये एकदा कुठल्याशा ऑफिसने त्याला हात धुण्यावर गाणं करायला बोलावलं. खुर्चीत बसवलं, पंखा लावला, चहा दिला. तीन दिवस हा बसून राहिला. साबणाला जुळणारा शब्द काही सापडला नाही आणि पाठ मात्र धरली.

त्याचा मुलगा मिलन पोखऱ्याला तळ्याच्या काठी दुकान मांडून होता. वीतभर उंचीच्या शोभेच्या सारंग्या विकायचा. "बा, तुम्ही इथे नुसतं बसा," तो म्हणायचा. "म्हातारा गाइने गोऱ्या लोकांना आवडतो. फोटो काढतात. वाजवायचीसुद्धा गरज नाही."

ते 'वाजवायचीसुद्धा गरज नाही' हस्तेला फार लागलं होतं. पण थकवाही खरा होता. शेवटी मार्गशीर्षात, पिकं घरात आल्यावर, त्याने फूलमायाला सांगितलं, "ही एक फेरी. नवं गाणं मिळालं तर पुढच्या वर्षीही चालेन. नाही मिळालं तर मिलनच्या दुकानात जाऊन बाहुल्यासारखा बसेन."

"गुडघ्यांना विचारलंत का?" फूलमाया म्हणाली आणि तिने भाजलेल्या मक्याचं गाठोडं बांधून दिलं.

अकरा दिवस तो फिरला. एकही धड ओळ नाही. जो तो एकच फर्माईश करायचा, "ते दरडीचं म्हणा." बावीस वर्षांपूर्वी स्याउलीखर्क नावाच्या गावावर दरड कोसळून सात माणसं गेली होती. त्याचं गाणं हस्तेने केलं, आणि ते असं चाललं की लोक त्यालाच दरड गाइने म्हणायला लागले. त्या गाण्याने त्याचं घर चाललं हे तो नाकारत नव्हता, पण आता ते म्हणताना त्याला जांभया यायच्या. गंमत म्हणजे, गाणं केल्यानंतर तो स्याउलीखर्कला पुन्हा गेला नव्हता. मेलेल्यांच्या घरच्यांसमोर ते म्हणायला त्याची जीभ रेटली नसती. बाराव्या दिवशी मात्र त्याने तिकडची पाऊलवाट धरली. अळंबी गोळा करणारी माणसं जिथे एकदा सापडली तिथे पुन्हा जाऊन बघतात, त्यातलाच प्रकार.

वाट सगळी पायऱ्यांची. जीप तिथवर जात नव्हती. दर शंभर पायऱ्यांना हस्ते बसत होता आणि दर बसण्याला उठणं जिवावर येत होतं. गावात पोचला तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. एका अंगणात पंचावन्नेक वर्षांची बाई नाचणी झोडपत होती. तिचं नाव मनसरा, जातीने वरची, छेत्री, हे त्याला पुढे कळलं. त्या घडीला तिने फक्त मान वर केली.

"ए गाइने! कुठला तू?"

"खालचा, दिदी. नदीकाठच्या बेसीचा."

"दरडीचं गाणं येतं?"

आलंच, असं मनात म्हणत हस्ते अंगणाच्या कडेला बसला. सारंगी काढली, गज ओढला. तोंड आपलं आपण गात होतं.

"माळ्यावरती मने निजला, गोठ्यामधे धने निजला..."

मनसराच्या हातातलं झोडपणं थांबलं. "थांब. तूही तेच म्हणतोस. गोठ्यात कोण निजला?"

"धने, दिदी."

"हे गाणं केलं कुणी?"

हस्तेची छाती जरा फुगली. "मीच की."

"मग तुझ्या तोंडात किडे पडोत," ती म्हणाली.

हस्ते गज हातात धरून तसाच बसला. इतक्या वर्षांत त्याला कुत्री चावली होती, घरोघरच्या सुनांनी शिळं वाढलं होतं, पण गाणं ऐकून शिव्याशाप कुणी दिले नव्हते.

मग ती बोलत सुटली. गोठ्यात धने नव्हताच. गोठ्यात तिचा नवरा होता. धने वरच्या आळीचा, धडधाकट, दरडीच्या दिवशी तो बाजाराला गेला होता. पण गाणं सगळ्या डोंगरात पसरलं आणि धने जाईल तिथे लोक ओरडायला लागले, 'अरे, मेलेला धने आला! बसायला पाट द्या!' त्याला पोरगी देईना कुणी. वैतागून शेवटी तो मलेशियाला गेला. "चोर सोडून संन्याशाला सुळी दिलीस रे तू. आणि माझा माणूस? तिहारच्या सणाला पोरं गाणं म्हणतात, सातांची नावं घेतात, त्यात तो नाही. घरात तो जिवंत नाही आणि गाण्यात तो मेलेला नाही. मग तो आहे कुठे?"

हस्तेला सगळं लख्ख आठवलं, आणि आठवल्याची लाज वाटली. तेव्हा खालच्या चहावाल्याने त्याला साती नावं नीट सांगितली होती. त्यातलं एक असं लांबलचक आणि जोडाक्षरांचं होतं की चालीत कुठेच बसेना. मने आधीच आला होता. मनेला धने छान जुळत होतं. गावात एखादा धने असेलच, असं म्हणून त्याने ते ठोकून दिलं होतं.

"चुकलो, दिदी," तो म्हणाला. "दुरुस्त करतो. नाव सांगा."

मनसराने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आता आली का पंचाईत! जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि घर तर रिकामं. सांगायला दुसरं कुणी नाही.

"तळ्यात उगवतं ते," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"बेडूक?"

"मेल्या, फूल!"

"कमळ."

"आणि देवळावर फडफडतं ते."

"झेंडा. कमळझेंडा?" हस्तेने डोकं खाजवलं. मनसराला एवढ्या रागातही हसू फुटलं, आणि त्या हसण्यात हस्तेला नाव सापडलं. "पद्मध्वज!"

ती पदराचं टोक डोळ्यांना लावून नाचणीकडे वळली.

हस्तेने खूप खटपट केली. गोठ्यामधे पद्मध्वज, पद्मध्वज गोठ्यामधे. गज अडखळायचा, ओळ लंगडायची. नाव बावीस वर्षांपूर्वी बसलं नाही, आजही बसेना. "हे जुनं नाही सांधत, दिदी," शेवटी तो म्हणाला. "नवं करावं लागेल. मला ते कसे होते सांगा. पण इथे नको. मला बसून सुचत नाही."

"मग उद्या गवताला जायचंय, चल माझ्यामागे."

रात्र त्याने गावाच्या वेशीवरच्या धर्मशाळेत काढली. सकाळी मनसरा पुढे, पाठीवर रिकामी डोको टोपली, कपाळावर तिचा पट्टा, कमरेला विळा. मागे हस्ते, गुडघ्यांना शिव्या घालत. ती वाट पूर्वी गोठा होता तिकडेच जात होती. तिने हे मुद्दाम केलं की तिची रोजचीच वाट ती, हे त्याने विचारलं नाही.

"मोठा माणूस होता का?"

"कसला मोठा! घोरायचा. आधी म्हशीला मीठ घालायचा, मग स्वतः जेवायला बसायचा. अंगणात येताना खाकरायचा, आतल्या बायका दचकू नयेत म्हणून. सासूबाई म्हणायच्या, याच्या घशात घंटा बांधलीय." ती चालता चालता बोलत होती, मागे न बघता. "शेवग्याची शेंग आवडायची नाही. बाजारातून येताना माझ्यासाठी काही आणलं तर हातात द्यायचा नाही, मडक्यात टाकून ठेवायचा. सापडलं की मी ओरडायची, कुणी ठेवलं? तो म्हणायचा, उंदरांनी."

हस्तेच्या छातीत धाप आणि शब्द एकदमच यायला लागले. सहा वर्षांनी. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाची थोडी भीतीही वाटली.

वरती, दरडीने खरवडलेल्या जागी आता गुडघाभर गवत होतं. मनसरा कापायला बसली. अर्धी डोको भरल्यावर ती म्हणाली, "तो गोठ्यात निजायचा नाही. त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. म्हशीच्या पायावरून. मी म्हटलं, एवढं प्रेम असेल तर जा, म्हशीपाशीच नीज. घोंगडी उचलून गेला. उलटून बोललासुद्धा नाही." विळा चालूच होता. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

उतरताना हस्तेचे पाय दुखत होते आणि चाल जुळत होती. गावाबाहेरच्या पिंपळाखाली त्याने सारंगी काढली. मनसरा पाठीवरचं गवत टेकवून, तोंड दुसरीकडे करून उभी राहिली.

"आधी मीठ म्हशीला घाली, मग बसे तो जेवाया,
खाकरून तो अंगणी येई, कुणी दचकू नये म्हणुनिया.
जा म्हशीपाशी म्हटलं मी, घोंगडी घेऊन गेला तो,
उंबऱ्यात माझा शब्द उभा, न्यायला नाही आला तो."

गाणं चांगलं झालं होतं. हस्तेला ते गज खाली ठेवण्याआधीच कळलं. दरडीच्या गाण्यापेक्षा चांगलं. हे घेऊन आणखी पाच वर्षं डोंगर चालता येईल, गुडघे गेले तरी चालता येईल.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली. त्याने म्हटलं. "आणखी एकदा." त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्या वेळी तीही पुटपुटत होती. मग तिने तोंड वळवलं.

"हे कुठे म्हणायचं नाही, गाइने दाजू."

हस्तेला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे?"

"हे माझं आहे. गावोगाव लोक ऐकतील, की हिनेच त्याला गोठ्यात धाडला."

"नाव घालत नाही की मी! तुमचं नाही, त्यांचं नाही. कुणाला कळणार?"

"मला कळेल ना."

"दिदी, मला सहा वर्षांनी सापडलंय हे." त्याचा आवाज चिरकला, आणि त्याची त्याला शरम वाटली नाही. "हे नाही म्हटलं तर माझं चालणं संपलं. पोराच्या दुकानात शोभेला बसायचं मग."

तिला त्याचं वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तरी ती म्हणाली, "तेव्हा माझा माणूस तू वाटून टाकलास, तोही चुकीच्या नावाने. आता हा एवढा तरी माझ्याकडे राहू दे."

हस्तेने सारंगी झोळीत घातली. मनात म्हटलं, खाली उतरल्यावर हिला काय कळणार! मग दुसऱ्याच क्षणी त्याला कळून चुकलं की आपण ते गाणार नाही.

"बरं," तो म्हणाला. तिने ओंजळभर नाचणी दिली, ती त्याने घेतली.

दुसऱ्या सकाळी तो निघाला. जीपच्या रस्त्यापर्यंत उतरायचं, तिथून पोखरा. उगाच वळसे नकोत. शंभरेक पायऱ्या उतरला असेल, तोच वरच्या गवतातून आवाज आला. मनसराचा आवाज जाडाभरडा होता आणि सुराशी तिचं फारसं सख्य नव्हतं. पहिल्या दोन ओळी तिने जशाच्या तशा म्हटल्या. मीठ, म्हैस, खाकरणं. तिसरीला ती थांबली. विळाही थांबला असावा. मग तिने ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली.

"जा म्हशीपाशी म्हटलं मी, घोंगडी घेऊन गेला पद्मध्वज."

ताल तिथेच कोलमडला. यमकही गेलं. तिने पर्वा केली नाही. पुढची ओळ सोडून तेवढीच पुन्हा म्हटली, नाव आणखी मोठ्याने, आणि मग पुन्हा.

दुरुस्त करायला वर जावं असं हस्तेला क्षणभर वाटलं, सवयच ती. पण तो पायरीवर बसून राहिला, आणि ती म्हणायची थांबेपर्यंत उठला नाही.