दादा रस्त्यात उभा होता

नगर-मनमाड रस्त्यावर बेचाळीस किलोमीटर पळायचं म्हणजे आधी खड्ड्यांची ओळख पाहिजे. ती मला होती. नागापूरच्या एमआयडीसीत माझी उभी हयात गेली. चाळिशीनंतर शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी पळायला लागलो. सावकाश काही करणं माझ्या रक्तातच नाही. जेवतोसुद्धा मी गाडी चुकणार असल्यासारखा.

मला दमानं पळायला शिकवलं बायकोनं. ती स्कूटीवर माझ्या मागं यायची आणि गप्पा मारायची. कोथिंबिरीचा भाव, शेजारणीची सून, काहीही. मला धड उत्तर देता आलं नाही की म्हणायची, "दम लागलाय तुम्हाला. चोर मागं लागल्यासारखं कशाला पळता? मी आहे मागं." मी चिडायचो. सकाळी सकाळी शेजारणीच्या सुनेचं मला काय करायचंय? पण बोलता बोलता जेवढं पळता येईल तेवढंच पळायचं, ही सवय तिनंच लावली.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किमो झाल्या, केस गेले. माझं पळणं बंदच पडलं. डॉक्टर 'बरं आहे' म्हणाले तेव्हा तिनंच माझं नाव फुल मॅरेथॉनला घातलं. पण शर्यत तोंडावर आली आणि तिची पाठ दुखायला लागली. पुन्हा सगळ्या तपासण्या. "रिपोर्ट सोमवारी मिळणार," असं तिनं मला सांगितलं. शर्यत रविवारी. आजार परत आलाय की नाही, माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मी म्हणालो, मी पळत नाही, घरी बसतो. ती म्हणाली, "तुम्ही बसल्यानं रिपोर्ट बदलणारे का?"

जानेवारीची थंडी होती. लेक स्कूटीवर लिंबू-मिठाचं पाणी घेऊन ठिकठिकाणी थांबत होती. विळद घाटात कंपनीतली चार माणसं टाळ्या वाजवायला उभी होती. पहिला निम्मा रस्ता मस्त गेला. तरणी पोरं सुसाट पुढं गेली, मी जाऊ दिली. देहऱ्याच्या पुढून मागं वळलो तेव्हा त्यातली निम्मी कडेला बसून पोटऱ्या चोळत होती. मला मनातल्या मनात लई बरं वाटलं. हे बायकोला सांगायचं, असं ठरवून टाकलं.

परतीच्या वाटेवर, उसाचे ट्रॅक्टर थांबतात तिथं, माझा थोरला भाऊ उभा होता. मोटारसायकल कडेला लावलेली, कानाला मफलर, हातात पाण्याची बाटली. नेवाशाकडच्या आमच्या गावाहून तो एवढ्या पहाटे निघून आला होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं फाटलं, तेव्हापासून बोलणं नाही. त्याच्या पोराच्या लग्नाला मी गेलो नाही. माझ्या घरभरणीला तो आला नाही. आमच्या भावकीत असंच चालतं. सुखाच्या कामाला न जाण्याचा हट्ट माणूस मरेपर्यंत सोडत नाही. मौतीला मात्र न बोलावता जातो, तिथं कोणी मानपान धरत नाही. बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा दादा आला नव्हता, कारण तेव्हा ती बरी होणार होती.

त्यानं बाटली पुढं केली. मी दोन घोट घेतले. माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "दमानं जा. घाबरू नको, आमी हाय."

हे आमच्याकडं तिरडी उचलल्यावर मागं राहिलेल्याला म्हणतात. मला काही विचारायची गरज उरली नाही.

त्याच्या मोटारसायकलवर बसलो असतो तर जरा वेळात तिच्यापाशी पोचलो असतो. नाही बसलो. खरं सांगायचं तर मला पोचायचंच नव्हतं. पळतोय तोवर कोणी मला काही सांगणार नाही, असं वाटत होतं. मग आठवायचं की शर्यत संपते तिथं ती माझी वाट बघत खुर्चीवर बसलीय, तिची पाठ दुखतेय. जोरात पळावं तर ते ऐकायला लवकर पोचणार, हळू पळावं तर तिला ताटकळत ठेवणार. माझी चाल होती तशीच राहिली. घाटाच्या चढाला वाटलं आता रडू फुटणार, पण पळणं आणि रडणं एका वेळी होत नाही, दम पुरत नाही. मागून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "काका, इतकं एकसारखं कसं पळता हो?" काय सांगणार त्यांना, कपाळ?

शेवटच्या कमानीपाशी ती शाल पांघरून बसली होती, डोक्याला रुमाल. तिनं मोबाईल पुढं केला. "बघा, जातानाची आणि येतानाची वेळ सारखीच आलीय. शिकला बाई एकदाचा माणूस." ती खरंच खूश होती.

मी म्हणालो, "दादा भेटला."

तिचा चेहरा उतरला. "त्यांना मी संध्याकाळी घरी या म्हणाले होते. रस्त्यात कशाला गेले?"

"तुला कधी कळलं?"

"काल. डॉक्टरांचा फोन आला होता. मणक्यात गेलंय आणि लिव्हरमध्येपण." भाजी संपल्याचं सांगावं तसं तिनं सांगितलं. "पोरीला मीच गप्प बसवलं. तुम्ही पळाला नसता."

मला भयंकर राग आला. तिचा, डॉक्टरांचा, दादाचा, गळ्यात मेडल घालणाऱ्या त्या हसऱ्या पोरीचा. मी म्हणालो, "आणि दादाला कशाला बोलावलंस? मला विचारलंस का?"

"तुम्हाला कोणाजवळ तरी रडता आलं पाहिजे," ती म्हणाली. "पोरीजवळ रडू नका. ती घाबरते."

उन्हाळा संपायच्या आत ती गेली. दादा आता दर रविवारी येतो. घरचं दूध आणतो, मी चहा करतो, टीव्ही लावतो. पावसापाण्याचं थोडंफार बोलणं होतं. मग तो वाट बघत बसतो, ते मला कळतं. मी त्याच्या कपात अजून थोडा चहा ओततो. अंधार पडायच्या आत तो गावाला निघतो. त्याच्याजवळ रडायला मला अजून जमलेलं नाही.