नऊ कार्डं आणि एक रिकामा रकाना

मावशीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघायच्या घाईत होते. "रघू गेला ग," एवढंच ती आधी आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाली. मग थांबून, "काफी नको म्हणून सांगटलं त्यानं. निजला. मी उठवायला गेले तर..." रघू माझा मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तंजावूरला कॉलेजात गणित शिकवायचा. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा, त्यामुळे बातमी अनपेक्षित होती म्हणणं ढोंग होईल. तरी चपला हातात घेऊन मी दारातच उभी राहिले. मनात पहिला विचार आला तो असा, की त्याची समजूत काढायची राहिली. आमचं भांडण झालं होतं, आणि तेही क्रिकेटच्या कार्डांवरून!

लहानपणी च्युइंगगमच्या पाकिटातून ही कार्डं निघायची. आमचा दोघांचा लाडका फलंदाज एकच, डावखुरा. त्याचं नाव आम्ही कधी घेतलं नाही, तो नुसता 'आपला'. गल्लीतल्या पोरांशी अदलाबदल करून त्याची नऊ कार्डं जमली. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत सरस्वतीपूजेला वह्यापुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत एक अक्षर वाचत नाहीत. आम्ही पुस्तकांबरोबर कार्डंही ठेवली. मावशी त्या दिवशी विळीपासून सायकलपर्यंत दिसेल त्या वस्तूला गंध-कुंकू लावते, तिनं नऊच्या नऊ कार्डांना ठसठशीत टिकल्या लावल्या. सकाळी बघतो तर सगळे 'आपले' गंध-कुंकू माखून बसलेले! मी पोट धरून हसले आणि रघू ओक्साबोक्शी रडला. एका कार्डाचं ओलं गंध वरच्या कार्डाला चिकटलं होतं, ते सोडवताना खालच्या कार्डाचा रंगच निघाला. नेमकं तेच कार्ड रघूचं आवडतं होतं. त्यात 'आपला' बाद होऊन परत निघालाय, पाठमोरा, बॅट काखेत, मान खाली.

त्या दिवसापासून दर विजयादशमीला पुस्तकं उघडायच्या आधी कार्डांना नंबर द्यायचे, असा रिवाज पडला. वहीत तीन रकाने असत. एक त्याचा, एक माझा आणि तिसरा दोघांचं एकमत होईल तेव्हाचा. वहीत तो मराठीच लिहायचा, पण तमिळ अक्षरांत. देवनागरी त्याला येत नव्हती, मीही ती लग्नानंतर पुण्यात शिकले. हा लेखसुद्धा मला त्याला फोनवर वाचून दाखवावा लागला असता आणि त्यानं ओळीओळीला मला अडवलं असतं. कोपरे, छपाई, रंग असं सगळं आम्ही भिंगाखाली बघायचो, पण खरं भांडण त्या एकाच कार्डावर व्हायचं. तो त्याला पहिला नंबर द्यायचा आणि मी नववा. "पाठ दिसते, रंग गेलाय, वर बाद झालेला. हा पहिला कसा रे?" मी विचारायची. तो म्हणायचा, "अक्का, खेळताना अस्क जण, सगळेच, बेष दिसतात. जाताना कसा दिसतो ते बघ." मी म्हणायची, मला नाही बघायचं. माझं लग्न झालं, त्याचे केस पिकले, नोकऱ्या झाल्या, तरी तिसऱ्या रकान्यात एकही आकडा पडला नाही.

गेल्या विजयादशमीला मी गेले नाही. रजा नव्हती असं सांगितलं. खरं कारण म्हणजे सुयांनी फुगलेला त्याचा हात मला बघवत नव्हता. फोनवर त्यानं आपले नंबर वाचले, दमत, मध्ये श्वास घेत. मी म्हणून गेले, "रघू, तुझंच कार्ड पहिलं. यंदा मी मानते." "का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "असंच. पटलं."

"मी आजारी आहे म्हणून?"

"नाही रे..."

"पोदुम, अक्का," तो म्हणाला. पुरे! "कॉलेजात कोणी माझी चूक काढत नाही. आई रागावत नाही. मी अर्धा मेल्यासारखं अस्क जण हळू बोलतात. एक तू भांडत होतीस." त्यानं फोन ठेवला. नंतर आम्ही बोललो, पण रिपोर्टबद्दल, औषधांबद्दल. कार्डांचं नाव दोघांनीही काढलं नाही. संक्रांतीला जाईन आणि समोर बसून कडकडून भांडेन, असं मी ठरवलं होतं. तो त्याआधीच गेला. मला त्याची दया आली आणि ती मी त्याला दाखवली, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तंजावूरला दिवसकार्य झाल्यावर मावशीनं कार्डांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "तूच घे. मला ह्यातलं काय कळतं?" वहीचं शेवटचं पान उघडलं. त्याच्या रकान्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत नऊ आकडे होते, पाठमोरं कार्ड पहिलं. माझ्या रकान्यावर 'अक्का' लिहिलेलं, आणि खाली काहीच नाही. मी फोनवर जे मानलं होतं ते त्यानं लिहूनच घेतलं नव्हतं. जागा ठेवली होती.

मी ते कार्ड हातात घेतलं. गंधानं निघालेला रंग, खाली गेलेली मान... त्याला पहिला नंबर द्यावा असं फार वाटलं. पण ती पुन्हा दयाच झाली असती. आणि खरं सांगायचं तर जाणाऱ्या माणसाची पाठ मला आजही बघवत नाही. मी पेन काढलं, आठ कार्डांना नंबर दिले आणि त्याच्यापुढे नऊ लिहिलं. आकडा धड आला नाही, म्हणून परत गिरवला.

मावशी दारातून बघत होती. "काय लिहितेस ग?"

"काही नाही मावशी," मी म्हटलं. "रघूशी भांडतेय."