बाकावर मोठी झालेली नात

"१२ मार्च, बुधवार. आभाळ भरलेलं. इस्त्रीचे कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी. अकराला कोर्ट. पाववाल्यांची साक्ष, पुन्हा पहिल्यापासून."

एवढं लिहून आजी निघाल्या. त्यांच्या नातीला व्हॅनने उडवलं ते पाववाल्यांच्या दुकानासमोर. भट्टीतून ट्रे काढताना त्यांनी ते पाहिलं. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांची साक्ष झाली, तर न्यायाधीशांची बदली झाली. दुसऱ्यांदा झाली, तर ते साहेब निवृत्त झाले. नवे साहेब आले की ये रे माझ्या मागल्या. तोवर पाववाले म्हातारे झाले. पिठात मीठ घातलं की नाही हे हल्ली त्यांना चाखून पाहावं लागे. कोर्टात ते अडखळले तर व्हॅनवाला सुटणार, हे आजींना ठाऊक होतं.

पुकारा होईपर्यंत दोघं बाहेरच्या बाकावर बसत. खटल्याबद्दल बोलू नका, असं वकिलांनी बजावलेलं. मग बोलायला उरायची ती नातच. आधी ती चौथीत असती, मग सातवीत, आता उलट उत्तरं दिली असती. चष्मा लागला असता का, यावर पाववाले म्हणायचे, "लागणारच. तुमचं घराणंच वाचून वाचून डोळे फोडणारं."

आज साक्ष चांगली चालली होती. व्हॅन कुठून आली, कशी वळली, सगळं त्यांनी सांगितलं. मग समोरच्या वकिलांनी सहज विचारावं तसं मुलीचं वय विचारलं.

"पंधरा," पाववाले बोलून गेले.

वकील हसले. कागदोपत्री मुलगी आठ वर्षांची. ज्यांना एवढंही आठवत नाही, त्यांना व्हॅनचा वेग कसा आठवतो, असं त्यांनी विचारलं. पंधराचा हिशेब कुणी केला होता, हे आजींइतकं कोण जाणणार?

न्यायाधीशांनी सावकाश आठवून सांगायला सांगितलं. पाववाल्यांनी ओशाळून आजींकडे पाहिलं.

"तेव्हा आठ, साहेब. आज पंधरा. दर तारखेला बाकावर बसून आम्ही तिला मोठी करत आलोय. तुम्ही एवढी वर्षं लावलीत, मग ती आठाची कशी राहील?"

ते उत्तर साहेबांनी शब्द न गाळता लिहून घ्यायला लावलं. डॉक्टरांची साक्ष पुढच्या महिन्यावर जायची, ती त्यांनी उद्यावर ठेवली.

बाहेर आल्यावर पाववाले पुटपुटले, "घोळ घातला मी."

"दोघांनी घातला," आजी म्हणाल्या. "चला, आज घरी चहा घेऊन जा."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच त्यांच्या घरी आले. अवघडून खुर्चीच्या कडेला बसले, पण चहा दोनदा घेतला.

संध्याकाळी आजींनी लिहिलं: "साखर संपत आली. पाववाले चहात तीन चमचे घेतात."