दर दोन तासांनी

साथ आल्यापासून चौदा महिन्यांनी मावशीला आज पहिली सुट्टी मिळाली होती! घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणारी मावशी पार पिचून गेली होती, पण आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. "आज कुणाला अंघोळ घालणार नाही की दर दोन तासांनी कुणाची कूस बदलणार नाही!" तिने नवऱ्याला दहादा ऐकवलं. जेवून दोघं आडवी झाली.

दोनच्या ठोक्याला मावशी झोपेतच ताडकन उठली, तिने नवऱ्याला अलगद कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि विचारलं, "दुखलं का हो आजोबा?"

नवरा गलबलला. "नाही दुखलं. आता तू झोप. चार वाजता तुझी कूस मी बदलतो."