कुरडयांची ऑर्डर आणि माझं बीपी

माझ्या मैत्रिणीला माझी फार काळजी. मी आनंदात दिसले की तिची काळजी अजूनच वाढायची. नवी साडी नेसले तर म्हणायची, "छान दिसून राह्यलीस गं. बरं झालं, पोट झाकलं." तरी आम्ही जिवाभावाच्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन मस्तगडला आलेल्या, मी टेंभुर्णीची, ती जाफराबादची. अन् मीही काही धुतल्या तांदळाची न्हाई. तिच्याकडं दोन दारांचा फ्रीज आला तेव्हा मी तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन चार दिवस नवऱ्याशी बोलले न्हाई. त्या बिचाऱ्याला अजून कारण माहीत न्हाई.

मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई घरी आल्या. लेकीच्या रुखवतात मांडायला त्यांना पाच रंगांच्या कुरडया हव्या होत्या. "तुमच्याच हातच्या पाहिजेत," म्हणाल्या. आजवर माझ्या हातचं सगळ्यांनी खाल्लं, पण असं दारात येऊन कुणी मागितलं नव्हतं. भर मांडवात बाया विचारतील, कुणी केल्या गं? आणि माझं नाव निघेल! दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले न्हाईत.

त्याच भरात मैत्रिणीला सांगून बसले.

तिनं माझा हात हातात घेतला. "तुझ्या भल्यासाठी सांगते. तुला बीपी आहे. गच्चीवरचं ऊन डोक्यात गेलं तर? मला सख्खी बहीण न्हाई गं, तुला काही झालं तर मी कुणाकडं पाहू?" डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं बाईनं. मला खरंच गरगरायला लागलं. मी मास्तरीणबाईंना फोन करून नाही म्हणून टाकलं.

दोन दिवसांनी कळलं, ऑर्डर हिनंच घेतली. "त्या नाराज झाल्या होत्या, मी तुझीच बाजू सांभाळली," म्हणे! अस्सा संताप आला! त्या दिवशी आमच्या घरात एकही पोळी गोल झाली न्हाई.

मंग एका सकाळी तिचा फोन. "जल्दी ये." गेले तर घरभर असा आंबूस वास, की तिचा नवरा पेपर घेऊन बाहेर ओट्यावर बसलेला. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवतात, पण पाणी रोज बदलायचं असतं. हिला ते ठाऊकच नव्हतं, कारण दरवर्षी हिच्या कुरडया मीच करून द्यायचे. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पण लग्नाला दहाच दिवस उरलेले. पोरीचा काय गुन्हा? पदर खोचला, नवे गहू भिजवले, रोज जाऊन पाणी बदललं. वाटून, गाळून चीक काढला, शिजवला आणि तिच्याच गच्चीवर पाच रंगांत कुरडया घातल्या. माझ्या बीपीसाठी ती डोक्यावर छत्री धरून उभी राह्यली. तेवढं मात्र तिनं मनापासून केलं.

कुरडया वाळल्या. मास्तरीणबाई न्यायला आल्या तेव्हा मी आत डबे भरत होते. बाहेर हिचा आवाज, "तिला मदतीला घेतलं, पण सगळं बराबर सांगावं लागतं हो."

मी डबा घेऊन बाहेर आले. मास्तरीणबाई कुरडई उजेडात धरून पाहत होत्या. "मलाही शिकायचंय. चीक शिजला हे कसं ओळखायचं?"

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं. ओला हात लावून पाहायचा, चिकटला न्हाई की झाला, एवढं साधं उत्तर. माझ्या ओठांवर आलं होतं. मी खुर्चीत बसले. "सांग की," म्हणाले.

"तीन शिट्ट्यांत होतो," ती म्हणाली.

अगं माय! कुरडयांचा चीक, अन् कुकरमध्ये! मास्तरीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मंग माझ्या हातांकडं. नखांत हिरवा, गुलाबी रंग अजून अडकलेला. त्यांनी पर्समधून पेन काढलं.

"रुखवताच्या चिठ्ठीवर नाव काय लिहू?"

त्यांनी मलाच विचारलं. मैत्रीण दाराशी टेकवलेल्या त्याच छत्रीची मूठ चाचपत उभी होती, आणि तिचे डोळे भरून आलेले. या वेळी खरोखरचे. तिचं नाव घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं? माझा जीव कळवळला, अगदी आतून.

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश, त्यांना नीट लिहिता यावं म्हणून.