सुमनबाईंच्या डब्यावरची चिठ्ठी

वंदे, अशी जवळ ये अन् कान इकडं कर. फोनवर ‘मावशी, बाई कशा आहेत?’ एवढं विचारून मोकळी होतेस, हे बिलकुल बराबर न्हाई. आता सगळं लिहूनच पाठवते. तुझ्या लेकींनी बाईंना पाहिलेलं नाही, त्यांनाही वाचून दाखव.

आमच्या शेजारच्या सुमनबाई इथं बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नावाची चिठ्ठी बांधल्याशिवाय त्यांच्या घरातून डबा बाहेर पडत नसे. मी भिंतीपलीकडे राहते, तरी वाटीभर पिठल्यावरही माझं नाव. तू जालन्याला कॉलेजात होतीस तेव्हा तुझा डबा त्या करायच्या आणि मी स्टेशनावर नेऊन, रोज जालन्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची.

मी हसले की म्हणायच्या, “अक्का, आपल्या अंगातली एकेक पेशी हेच करून राह्यली. आत प्रथिनं बनतात, त्यांच्या घड्या पडतात, मंग बांधाबांध होऊन जिथली तिथं जातात. पत्ता त्यांच्या अंगावरच असतो.” आता एवढ्याशा पेशीत चूल कुठं अन् स्टेशन कुठं? वाचायला मी माझी मीच शिकले, पण हे काही डोक्यात शिरेना. घडी चुकली तर काय, असं विचारलं. तर म्हणाल्या, चुकलेलं प्रथिन पेशी मोडून टाकते, पुढं पाठवत न्हाई.

गेल्या वर्षी बाई विसरायला लागल्या. डॉक्टरांकडून आल्या आणि मलाच समजावत बसल्या, की मेंदूत चुकीच्या घडीची प्रथिनं साचत चालली आहेत. मी गोंधळले. म्हटलं, पण पेशी तर ती मोडून टाकते ना? बाई म्हणाल्या,

“म्हातारपणी तिलाही आवरत नसंल, अक्का.”

आता रोज सकाळी माझ्या ओट्यावर डबा येतो. चिठ्ठीवर ‘वंदना, जालना’. मी सांगते, वंदना नागपूरला असते, दोन लेकींची आई झाली. ‘हो का,’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. तो ठेवून घ्यावा की परत न्यावा, मला सुधरत नाही. खाल्ला तर तुझा घास खाल्ल्यासारखं वाटतं. परवा उघडला तर आत काहीच नव्हतं. दोरी मात्र घट्ट बांधलेली.

काल त्यांनी मला विचारलं, “तुम्ही कोणाकडं आलात?” तुझं नाव अजून बिनचूक लिहितात. किती दिवस लिहितील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून म्हणते, जल्दी ये बाई. एकदा तरी तो डबा तुझ्या हातात पडू दे.