तबकडीच्या शेवटी येणारं नाव

राजूरचा घाट उतरताना एसटीतले सगळे खिडकीबाहेर पाहत होते आणि मी मोबाइलची बॅटरी. मोताळ्याच्या करीमचाचांकडे शंभरेक वर्षांपूर्वीची ग्रामोफोनची एक तबकडी होती. तिच्यावरचा कागद कसरीने खाल्लेला, त्यामुळे गायिका कोण ते कळत नव्हतं. पण चाचांनी फोनवर दोन ओळी ऐकवल्या आणि पुण्यात माझ्या गाण्याच्या बाई ताडकन उठून बसल्या. "ही माझी आजीच!"

बाईंचं एक जुनं दुखणं होतं. गेल्या शतकात ख्याल संथ होत गेला. बाई मात्र आजीने शिकवलेल्या चालत्या लयीतच गात राहिल्या. भर सभेत एका जाणकाराने त्याला 'घरगुती गाणं' म्हटलं, तेव्हा मला त्याची गचांडी धरावीशी वाटली होती. गुरूचं नाव घेताना गवई कानाची पाळी धरतात. बाई आजीचं नाव घेऊन थांबत. आजी कुणाकडे शिकली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान आजीची तबकडी निघाली असती, तर लोकांची तोंडं बंद झाली असती. त्या काळी गायिका तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत. तेच मला आणायचं होतं.

मोताळ्यात बाजाराचा दिवस, चालायला जागा नाही. चाचा शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाचींनी गेल्या गेल्या कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पुढे ठेवला. माझी नजर मात्र कोपऱ्यातल्या ग्रामोफोनवर.

"काऊन खाऊन नाही राह्यल्या?" चाची म्हणाल्या.

"आधी ऐकू या ना!"

चाचांनी तबकडी उजेडात धरली. आतल्या कडेला, नाव येणार तिथेच, चीर गेली होती. "परवा तडकली. आन सुई एकच राह्यली मायाजवळ. एका सुईवर एकच बाजू वाजवा लागते, नाहीतर तबकडी खराब होते. एकडाव ऐका, दुसऱ्यांदा म्हनू नोका."

चाचांनी किल्ली दिली. मी रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल जवळ धरला. समेवर येण्याआधीची ती गिरकी, थेट बाईंची! माझे डोळे भरून आले. मग चीर आली. टक्. टक्. सुई अडकली, तोच सूर पुन्हा पुन्हा. चाचांनी करंगळीने तिला हलकेच पुढे सारलं.

"मेहरूबाई, बुऱ्हाणपूरवाली!"

आजीचं नाव ते नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो शेवट पुसून टाकावा असं चारदा मनात आलं. शेवटी पुण्यात धीर करून बाईंना सगळं ऐकवलं. नाव आलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पुन्हा लाव."

लावलं.

"आजी ही गिरकी अश्शीच घ्यायची. म्हणजे तिला ती हिनेच शिकवली."

पुरावा काही नव्हता, पण मी वाद घातला नाही. बाईंचा हात कानाच्या पाळीकडे गेला.

"मेहरूबाई," त्या म्हणाल्या.